ग काहीच बोलत नाही

त्या हिवाळ्यात कुताइसीत वीज यायची दोन तास,
तीही सगळे झोपल्यावर.
लामारा बाईंचा गणिताचा वर्ग रॉकेलच्या दिव्याभोवती भरायचा,
हातमोजे न काढता.
येताना प्रत्येकानं एकेक लाकूड आणायचं, हीच फी.
तमाझीनं एकदा खुर्चीचा पाय आणला.
कुठल्या खुर्चीचा, कुणी विचारलं नाही.

बाईंनी फळ्यावर एक बेट काढलं.
बेटावर दोनच प्रकारची माणसं,
कायम खरं बोलणारी, कायम खोटं बोलणारी,
अधलंमधलं काही नाही.
तिघे भेटतात वाटेत.
क म्हणतो, आम्ही तिघेही खोटारडे.
ख म्हणतो, आमच्यात खरा एकच.
ग काहीच बोलत नाही.

मी सुटलेच.
क खरा असता तर स्वतःला खोटारडा म्हणालाच नसता.
म्हणून क खोटा, म्हणून निदान एक जण तरी खरा.
आता धरू की ख खोटा.
मग उरला ग, एकटाच खरा,
पण खरा एकच, हे तर खच म्हणाला होता!
खोटारड्याच्या तोंडून खरं निसटलं, हे चालत नाही.
म्हणजे ख खरा. तो एकटाच.
आणि ग
त्याच्यावर मी खडूनं फुली मारली.

शाबास, बाई म्हणाल्या, आणि वात खाली केली.
मागून म्झेकालाचा आवाज आला,
"पण त्यानं तर तोंडही उघडलं नव्हतं."
बाईंनी चष्मा पुसला. पुसतच राहिल्या.
"या बेटावर तिसरा प्रकार नसतो, पोरी."

घरी पाव होता, अर्धा.
समुद्राकडच्या लढाईतून बाबा डोंगर ओलांडून पायी परतले होते,
अंगात कुणा भलत्याचाच कोट.
गेले होते दोघे, ते आणि जुंबेर मामा.
शेजारचा बिचिको शपथेवर सांगे,
जुंबेरला मी झुग्दिदीत पाहिलंय, जिवंत, दाढी वाढलेली.
त्याची बायको म्हणे,
हा जन्मात कधी खरं बोलला असेल तर माझी जीभ झडो.
आई एकदा याच्याकडे बघायची, एकदा तिच्याकडे,
मग बाबांकडे.
बाबा मूग गिळून बसलेले.

मला सवय लागली होती.
धरू की बिचिको खोटा,
मग
एक पायरी, दोन पायऱ्या,
तिसरीवर पाय टाकायच्या आधी
मी पावाचे कण गोळा करू लागले.

"आज काय शिकवलं?"
इतक्या दिवसांत बाबांनी विचारलेला पहिला प्रश्न.
मी बेट सांगितलं. क सांगितला, ख सांगितला.
ते ऐकत होते, कोटाचं परकं बटण फिरवत.
"आणि ग?"

"ते नाही कळत," मी म्हणाले,
"त्या कोड्यातून."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवली.
मग उठून आतल्या खोलीत गेले.
करवतीचा आवाज आला.

सकाळी दाराशी माझी फी ठेवलेली होती,
पॉलिश केलेली अक्रोडाची पट्टी,
मामाच्या पलंगाची.
आई चुलीपाशी पाठमोरी उभी होती.
मी ती काखेत धरली आणि निघाले.
वर्गात कुणी विचारलं नाही
कुठल्या पलंगाची.