दोन बोटं

आधी सपाट जागा बघ, नेमिनाथ.
वाळूवर नको, वर्कशॉपपुढच्या काँक्रीटवर आण
आणि दाताळं सावकाश खाली सोड.
आता वाक. अजून वाक.
दात आणि जमीन यांच्यात दोन बोटं आडवी गेली पाहिजेत.
माझी जाड झालीत, तुझी घाल.

दात टेकले की वाळू येते,
वाळू घासात, घास गाईच्या तोंडात.
मग बाबिकर ओरडणार नाही,
नुसता उभा राहील टोपी हातात घेऊन.
शिव्या परवडल्या.

आणि फार उचललेस तर घास मागे राहतो,
कापलेला, कुणाचाच नसलेला.

डावं चाक आठवड्याला एक आटा खाली बसतं.
का, ते रियाधहून आलेल्या इंजिनिअरलाही सांगता आलं नाही.
बोल्टवर मी खिळ्याने रेघ ओढून ठेवली आहे.
वरंबा फार पसरला तर कोन एक भोक मागे घे,
बेलरच्या तोंडात मावेल एवढाच हवा.
तिसऱ्या गिअरच्या वर जाऊ नकोस.
वेगात दाताळं घास गोळा करत नाही, भिरकावतं.

हरादला हे काम रात्रीचं.
उन्हात ओढलास तर पानं झडतात,
गाईला काड्या आणि आपल्याला पगार, दोन्ही कोरडे.
दोन वाजता उतर, मूठभर लसूणघास पिळून बघ.
चुरला, तर ट्रॅक्टर बंद कर, बसून राहा.
वळला, तर दहिवर पडलं.
टेकबहादूर त्याला शीत म्हणतो, बाबिकर नदा.
तिघांचीही पँट गुडघ्यापर्यंत सारखीच भिजते.

पिव्हटचं शेत गोल.
बांध नाही, धुरा नाही,
भावाशी भांडायला एक कोपरासुद्धा नाही.
बाहेरून आत येत राहा
आणि मधला खांब दिसला की दाताळं उचल.
गेल्या साली एकाने नाही उचललं.
खांबाला अजून पिवळा रंग लागलेला आहे.

आणि परत आलास की दात मोज.
शहाण्णव. तीन माणसांच्या तोंडात असतात तेवढे.
एक जरी तुटून वरंब्यात पडला
तरी गाय बघत नाही, गिळते.

एका मार्चमध्ये माझे पंच्याण्णव भरले.
बेलर थांबवला. पाच माणसं, पाच बॅटऱ्या,
हातांनी वरंबे उसवत चाललो,
मैलभर असेल, जास्तच असेल.
उजाडलं. ऊन चढलं.
पानं आमच्याच हातांत झडू लागली
आणि कुणी कुणाकडे बघेना.
नऊ वाजता मी पुन्हा मोजले.
शहाण्णव.

सगळ्यांना कळावं म्हणून मी हिंदीत मोजलं होतं.
अडसठ दोनदा म्हणालो, झोपेत.

बाबिकरला सांगायला मला पाऊण तास लागला.
त्याने टोपी काढली,
दाताळ्यापाशी उकिडवा बसला,
एकेका दाताला बोट लावत अरबीत मोजत गेला,
शेवटच्या दाताला दोनदा बोट लावलं,
उठला आणि म्हणाला, शाय.
त्या चहात त्याने साखर जास्त घातली होती.
तेव्हापासून मी मराठीत मोजतो, मोठ्याने,
एकोणसत्तर, सत्तर, एकाहत्तर,
आणि रात्रीच्या त्या वाळवंटात
आपले आकडे मला जरा विचित्र ऐकू येतात,
शाळेत पाढे म्हणताना छडीच्या भीतीने येत तसे.

मी गुरुवारी निघतो.
पाना सीटखाली आहे, ग्रीसचा डबा डाव्या हाताला.
ती रेघ कधीतरी गंजेल, पुसेल.
लगेच नवी ओढू नकोस.
आठवडाभर रोज संध्याकाळी वाक,
बोटं घालून बघ,
मग खिळा शोध.