आठ पिनांचा माईक

पंचायतीनं भंगारात काढलेला टेबलमाईक
गुणवंत ढोकनं चाळीस रुपयांत आणला.
मान अजून ताठ, पण मुका.

"कॅप्सूलले पाच व्होल्ट लागते गा,
उपाशीपोटी कोन बोलते?"

सेटच्या आठ पिनांतली एक हळूच भात वाढते:
मधे रेझिस्टर, कपॅसिटर,
डाग देताना रोखलेला श्वास.
तरी आवाजाखाली घुरघुर,
म्हातारा मांजर झोपल्यासारखी.

मग लाईट गेली. फवारणी पंपाची बॅटरी जोडली,
तर घुरघुरही गेली लाईटसंगं.

बटण दाबलं. ज्या माईकवर
नळ येण्याची वेळ सांगायचे
त्यात स्वतःचं नाव सांगितलं, अक्षर अक्षर.

बालाघाटहून कुणी म्हणालं,
"आवाज साफ. मागं टिटवी आहे का?"

गुणवंतनं बटण सोडलं.
दार उघडलं.
होती.