मागची जागा

गिंटाउतासने कागदावर आधी एक ठिपका काढला.
हा बोल्ट, म्हणाला. सगळं ह्याला टांगायचं:
इंजिन, तीन चाकं, टाकी, दोन माणसं.
वर पंख, खाली आपण. पाळण्यासारखं.
मी म्हटलं, पाळणा तुळईला असतो,
तू तुळई कशाला टांगलीयेस?
पेन्सिल कानामागे खोचून तो हसला.
नेमुनसवर तेव्हा नुकतं बर्फ धरत होतं.

हिवाळाभर तो नळ्या कापत होता, मी कापड.
क्लाइपेडाच्या गोदीत बावीस वर्षं
मी होड्यांची शिडं शिवलेली.
इथे काठावरच्या ह्या कोठारात
सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकले:
टोकांना थोडा पीळ राहू दे, तो सांगायचा,
वेग फार मंदावला तर मधला भाग आधी थकावा,
टोकं नंतर.
कांब्यांना नंबर घातले, प्लायवुडवरच्या रेघेवर
एकेक वाकवून पाहिली.
डावीकडच्या सातवीचा खिसा दोनदा उसवला.
नाकाकडची पट्टी निळी. तिची एक चिंधी
दारात पडली होती, नंतर दिसली नाही.

सुकाणू कुठेय, मी विचारलं.
नाही.
समोरचा दांडा तेवढा. ढकलला की नाक वर, वेग कमी,
ओढला की उलट.
आणि डावीकडे जायचं तर
आपणच डावीकडे जायचं, म्हणाला, अंगाने.

मार्चमध्ये बिटाचं सूप पिताना
त्याने मान वर न करता विचारलं,
तुझं वजन किती?
एकोणसाठ वर्षांत मला हे कुणी
इतक्या सरळ विचारलं नव्हतं.
अडुसष्ट, मी म्हटलं.
त्याने लाल शाईने लिहून घेतलं.
खाली दोन रेघा ओढल्या.

सहा किलो म्हणजे बटाट्यांची एक पिशवी.
रात्री कूस बदलताना वाटायचं,
ती पिशवी आता नळ्यांच्या जाडीत शिरली,
चाकांच्या आसात, त्या एका बोल्टात.
पंख उलटा ठेवून त्यावर वाळूची पोती रचली
तेव्हा रिमवीदास मोठ्याने मोजत होता,
आणि बत्तिसाव्या पोत्याला कुठलीशी नळी कण्हली.
गिंटाउतास म्हणाला, हे तिचं बोलणं आहे, चालायचंच.
मी अंगणात जाऊन उभी राहिले.

मे महिन्यात, कापलेल्या गवतावर,
हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळल्यावर
मी बोलून टाकलं: चौऱ्याहत्तर.
मी नव्वद धरलं होतं, तो म्हणाला.
वजन खरं सांगणारा माणूस
मला अजून भेटायचाय.
मग पान्याने दाखवलं: मागची जागा
बरोबर बोल्टच्या खाली आहे.
तिथे जाड बसो, बारीक बसो, कुणी न बसो,
तोल ढळत नाही.

म्हणजे मी असले काय, नसले काय?

त्याने बराच विचार केला. पाना खिशात ठेवला.
पेट्रोलला फरक पडतो, म्हणाला.
धावपट्टी थोडी जास्त लागते.

मी काही बोलले नाही. चढून बसले,
त्याच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना माझे गुडघे.
खरंच जास्त लागली धावपट्टी.
कुंपण येतंय येतंय म्हणताना खाली गेलं,
आणि मी नदी पाहिली नाही, चर्च पाहिलं नाही,
सातव्या कांबीकडे बघत राहिले.
खिसा धरून होता.

मग विजेच्या खांबावरचं करकोच्याचं घरटं
पहिल्यांदाच वरून दिसलं. इतकी वर्षं
त्याचं बूडच पाहत आलेय.
आत काटक्या, वाळकं गवत,
एक निळी चिंधी.
मी ओरडले. इंजिनापुढे काय ऐकू जाणार.
बघायला म्हणून मी डावीकडे झुकले,
त्याने काय समजायचं ते समजून दांडा सरकवला,
आणि आम्ही वळलो.