माझ्याच खुर्चीची जाहिरात

रविवारच्या पेपरात, चौदाव्या पानावर,
गवत कापायचं जुनं यंत्र आणि हरवलेलं मांजर
यांच्या मधोमध माझी खुर्ची छापून आली आहे.

पाहिजे : दातांचा सिरॅमिक कारागीर. अनुभव दोन वर्षं.
पोर्सिलेनचे थर हाताने चढवता यावेत.

माझं नाव नाही. असून चालत नाही.
वकीलबाई म्हणाल्या, ग्रीन कार्डाची पहिली पायरी हीच :
आधी साऱ्या देशाला विचारायचं,
हे काम कुणाला हवंय का.
कुणालाच नको असलं
तर मग ते तुम्हाला हवं असू शकतं.

चार वर्षं मी या खुर्चीत बसतो.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,
माझं भरतं.
लायब्ररीतल्या बाईंचे पुढचे दोन, कोचचा अख्खा ब्रिज,
पाद्रीबाबांचा सुळा, सगळे माझे.
ओहायोतल्या या एवढ्याशा गावात कुणी मनापासून हसलं
की मी खाली बघतो,
तोंडावर स्तुती झाल्यासारखा.

अनुभवाचं पत्र कुटाईसीहून यायचं होतं.
तिथलं वर्कशॉप बंद झालं, तिथे आता मोबाईल विकतात,
लेटरहेड नाही, शिक्का नाही.
एक्क्याऐंशी वर्षांच्या ओतारने वहीचं पान फाडून लिहिलं :
तेमूरने माझ्याकडे सात वर्षं काम केलं.
त्यातली पहिली दोन वाईट.
वकीलबाई म्हणाल्या, शेवटचं वाक्य काढायला सांगा.
मी ओतारला फोन केला.
तो म्हणाला, मग सही पण काढ.

तीस दिवसांत तीन अर्ज आले.
एका मुलीला कुठलंही काम चाललं असतं.
एकाला वाटलं, बाथरूमच्या टाइल्स.
तिसरा रसेल बोमन, टोलेडोचा,
सव्वीस वर्षं हेच केलेला,
त्याची लॅब मार्चमध्ये बंद पडली.

गुरुवारी तो आला.
मला सांगितलं होतं, मधे यायचं नाही,
म्हणून मी भट्टीच्या खोलीत, काचेमागे.
हार्लन त्याला माझं टेबल दाखवत होता,
माझे ब्रश, माझा चहाचा डाग.
त्याने चिमट्याने एक दात उचलला
आणि दिव्याकडे नाही,
खिडकीकडे वळला.

दात पांढरा नसतो, ओतार सांगायचा,
पांढरा असतो तो खोटा.
कडेला थोडं निळं, मुळाशी चहा,
आणि ते दिसतं फक्त आभाळाच्या उजेडात.
हे पुस्तकात नाही.
या माणसाला माहीत होतं.

त्याचा हात थरथरावा, अशी मी प्रार्थना केली.
केली. लपवत नाही.
थरथरला नाही.

संध्याकाळी हार्लन म्हणाला, तो नको म्हणाला.
बायकोचं डायलिसिस टोलेडोला, आठवड्यातून तीनदा,
रोजचे दीड तास जाऊन-येऊन जमणार नाही.
हार्लनने ते फाइलमध्ये नीट लिहून ठेवलं,
तारीख घातली.
म्हणजे कागदोपत्री आता
या देशात माझ्या कामाचा माणूस नाही.

घरी मनानाला सांगितलं. तिने वाइन उघडली,
ओतली,
आणि मग आम्ही दोघांनी ती बराच वेळ
नुसती समोर ठेवली.
काय नाव तिचं, त्या बाईचं, तिने विचारलं.
मला कुठून माहीत असणार.

पुढे अजून दोन अर्ज आहेत, एक रांग आहे,
बोटांचे ठसे, क्षयाचा एक्स-रे.
वर्षं लागतील, कदाचित थोडी.

शुक्रवारी सकाळी टेबलाशी आलो.
त्याने तो दात परत ट्रेमध्ये ठेवला होता,
पोकळ बाजू खाली,
आत धूळ जाऊ नये म्हणून.
आम्ही तसाच ठेवतो.