शेऱ्यासाठी दोन ओळी

नयन हेडाऊ, राहणार गोळीबार चौक,
वय सतरा वर्षं चार महिने,
डावखुरा, मंदगती.
उंची पाच-सहा. आकड्यापुढे मी टिंब दिलं
आणि पेन उचलायचं विसरलो. शाई झिरपत राहिली.

मे महिना. साडेसहालाच ऊन मैदानात हजर,
नेट बांधणाऱ्या पोरांच्याही आधी.
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा,
मांडीवर छापील तक्ता.

पहिले सहा चेंडू सरळ, समंजस,
शाळेतल्या कवायतीसारखे.
सातवा हवेत जरा थांबला,
जणू चौकात कुणाला पत्ता विचारतोय,
आणि अपेक्षेपेक्षा वीतभर आधीच बसला.
समोरचा पोरगा, बंगळुरूहून शिबिर करून आलेला, बुटांसकट महागडा,
बॅट फिरवून झाल्यावर चेंडू शोधू लागला.
मागून कोणीतरी, "अबे, काय टाकलं बे हे?"

मी काही लिहिलं नाही.
आवडलेलं लगेच लिहायचं नाही, ही माझी सवय.
उमरेडच्या एका पोराला मी दहापैकी नऊ दिले होते.
तो आता बुटीबोरीत शिफ्टला जातो.
भेटला की पाया पडतो,
आणि ते नऊ माझ्या पावलांवर टेकतात.

पुढच्या वाटेचा हिशेब मला पाठ आहे.
साठातून पंचवीस, पंचविसातून पंधरा,
पंधरांतले चार पाणी नेणारे.
वर एक डावखुरा आधीच बसलाय, एकोणतिशीचा,
खांदा ठणठणीत, लग्न गेल्या डिसेंबरात,
अजून सहा वर्षं तो कुठे हलत नाही.
तसल्याच एका खांद्यामागे
मी नऊ हंगाम उभा होतो.
सामने तीन, बळी पाच.
पाचही नावं मला झोपेत विचारा.

पाणी प्यायला आला तेव्हा बोट दिसलं.
तर्जनीवर आडवी चीर, वर हळद.
"काय झालं रे?"
"पत्रा लागला जी. कूलरचा.
बाबा दुरुस्त करतेत ना.
या दिवसांत ताट्या भराले घरचे सारेच लागतो."
"मग चेंडू कसा धरतो?"
"त्या बोटावर जोरच नाही देत. दिला का उघडते.
तळहातातून ढकलून पाह्यलं,
तसा तो थांबते मंग."

तसा तो थांबते.
म्हणजे मला जी कला वाटली
ती दुखणं चुकवायची रीत होती.
पाऊस लागला की कूलर माळ्यावर जातील,
बोट भरेल,
चेंडू पुन्हा समंजस होईल.
की हाताला एकदा सापडलेलं
हात सोडत नाही?
तक्त्यात याला रकाना नाही.
फलंदाजी आहे, क्षेत्ररक्षण आहे, वर्तणूक आहे.

क्षेत्ररक्षणात दोन झेल आले, एक सुटला.
सुटलेल्यामागे तो असा धावला
की घेतलेला मी विसरलो.
फलंदाजीबद्दल न बोललेलं बरं.

वासाडे साहेबांनी घड्याळ पाहिलं.
"बोला, हो का नाही?
अजून एकोणीस पोरं उन्हात आहेत."

मी लिहिलं:
बोट बरं झाल्यावर, ऑगस्टात, पुन्हा पाहावा.
दुसरी ओळ रिकामी ठेवली.

मग उठून त्याच्यापाशी गेलो, गुडघा कुरकुरत.
म्हटलं, "बरं झालं तरी
दुखत असल्यासारखाच टाकत जा रोज थोडा वेळ."
तो हसला नाही. "हो जी," म्हणाला,
जसं गिऱ्हाइकाला म्हणतात.

सायकलच्या कॅरिअरवर वुडवूलचा गठ्ठा,
सुतळीनं कसून बांधलेला.
नऊ वाजता धरमपेठेत कुणाची तरी हवा सुरू करायची होती.
तो गेला तसतसं
सडकेवर पिवळं गवत
थोडं थोडं सांडत गेलं.