दुसरी सही

मन्रो स्ट्रीटच्या शोरूममध्ये पेन नव्हतंच.
बोटानं करा, म्हणाला विक्रेता, आणि काच पुढे सरकवली.
माझं नाव उमटलं
ताज्या बर्फावरून मांजर गेल्यासारखं.

शार्दूल शेजारी उभा,
नव्या जॅकेटची किंमतपट्टी बाहीला तशीच.
टोलीडोत येऊन त्याला सात महिने झालेले, फाईल कोरी.
कोरी म्हणजे इथे स्वच्छ नव्हे.
कोरी म्हणजे त्यानं अजून कुणाचं बुडवलं नाही,
कारण कुणी त्याला काही दिलंच नाही.

म्हणून माझे सातशे एक्याऐंशी.
एकोणीस वर्षं लॅबच्या रात्रपाळ्या,
तारखेच्या दोन दिवस आधी भरलेली कार्डं,
न घेतलेला सोफा.

मला वाटलं, दुसरी सही साक्षीदाराची असते.
लग्नाच्या रजिस्टरवर करतो तशी:
सही करायची, जेवायचं, घरी जायचं.
पण चौदा हजार त्याच्या नावावर लागले
आणि तेच चौदा हजार, अख्खे,
माझ्याही.
गाडी मात्र एकच,
आणि ती त्याच्या दारात.

बाबा म्हसवडच्या पतपेढीत वसुलीला होते.
कर्जदार सापडला नाही की जामीनदाराकडे जायचे, सायकलवर.
चहा घेत नसत.
मागायला आलोय त्याच्या घरचा चहा घशाखाली कसा उतरेल, म्हणायचे.
पत जायची तेव्हा निदान सायकलची घंटी वाजायची.

इथे काहीच वाजलं नाही.
फेब्रुवारीत शार्दूलनं बँक बदलली,
हप्ता जुन्या खात्याचं दार ठोठावत राहिला.
चौतीस दिवस.
पत्रं गेली त्यानं सोडलेल्या खोलीवर.
मी त्या महिन्यात रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावत होते
आणि सिल्व्हेनियातल्या एका बुटक्या घराची स्वप्नं पाहत होते,
ज्याच्या स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी होती.

एप्रिलमध्ये डोलोरेसबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला.
सहाशे शहाण्णव.
ही गाडी तुमची?
नाही.
हप्ता मात्र तुमचा, म्हणाल्या,
आणि तो माझ्या खर्चात मिळवला,
अगदी सभ्यपणे.

तो आला संध्याकाळी, गाडी धुऊन.
काकू, माझेही पडलेत.
पडले होते. पण त्याला पडायला उंचीच कमी होती.
मी रागवायचं ठरवलं होतं,
वाक्यं तयार होती, दोन तर इंग्रजीत.
चहा ठेवला.
तो कपाला हात लावेना.
आधी भरतो, म्हणाला,
आणि जिन्याच्या पायरीवर बसून फोनवर दोन हप्ते भरले.
तोवर चहावर साय धरली होती.
म्हसवड त्यानं कधी पाहिलेलं नाही.

घर दुसऱ्यांना गेलं.
आता तिथे पिवळे पडदे आहेत,
मी त्या रस्त्यानं जात नाही असं नाही.

दर महिन्याच्या तीन तारखेला त्याचा एक शब्द येतो:
भरला.
असे सदतीस झाले.
चौतीस दिवसांचा डाग सात वर्षं राहतो,
फिकट होत जातो म्हणतात,
हळदीच्या डागासारखा, उन्हात टाकला तर.
माझा आकडा गुडघे धरत जिना चढतोय.
त्याचा उड्या मारत.
गेल्या महिन्यात तो सातशे एकोणतीस, मी सातशे तेहतीस.
आम्ही दोघं आता जवळजवळ एकाच पायरीवर.

परवा त्याचा फोन आला.
बायकोचा भाऊ आलाय, डेटनला,
त्याला गाडी हवी आहे,
फाईल कोरी.
काकू, सही करू का?

मी गॅस बारीक केला.
म्हटलं, कर.
पण हप्त्याची तारीख तुझ्या भिंतीवर लाव,
खात्याचा पासवर्ड मागून घे, लाजू नकोस.
आणि त्या दिवशी गाडीत एकदा बसून ये.
पुढची पाच वर्षं
तुला फक्त कर्ज दिसणार आहे.