हिरडीलगत

कुडाळच्या लॅबमधून फोन आला,
दोन शंका आहेत म्हणाले.
एक: वरच्या पुढच्या दाताला खाच दिसतेय,
प्लास्टरमध्ये बुडबुडा धरला काय? भरून टाकू?

नको. राहू दे.
वासुदेव मेथर त्या दातानं तंगूस तोडतात,
चाळीस वर्षं, जाळं मांडीवर घेऊन.
खाच खरी आहे.
साध्या अल्जिनेटनंसुद्धा ती नेमकी उचलली.
(समुद्री शेवाळापासून करतात ही भुकटी, त्यांना सांगितलं
तर म्हणाले, "जां आमी जाळ्यातसून झाडून टाकतांव
त्येचे तू पैशे घेतंस?")

दुसरी शंका मला ठाऊकच होती.
खालच्या दाढेची कड, जिभेच्या अंगाला,
हिरडीत शिरते तिथं पुसट.
रक्ताचा एक थेंब पुरतो.
सिलिकॉन कितीही महागाचं असो,
ओल्या जागेवरून ते मागं सरतं
आणि माप तिथं गुळगुळीत, चकचकीत येतं,
काहीच न घडल्यासारखं.

अंदाजानं कड कोरू का, लॅबवाल्यानं विचारलं.
अंदाजाच्या टोपीखाली अन्न शिरतं, म्हटलं,
दोन वर्षांनी वास मला येतो, तुला नाही.

दाढेचे उंचवटे काय, कुणीही टिपेल.
काम आहे ते अर्ध्या मिलिमीटरचं,
जिथं दात संपत नाही,
नुसता दिसेनासा होतो.

म्हणून आज दोरा.
हिरडीच्या फटीत हलके हलके दाबत नेते,
दाढेभोवती एक वेढा.
मेथरांच्या तोंडात कापूस, बोलता येत नाही,
पण हातानं दाखवतात:
ढिला सोड, मग बसव.
ऐकते. दोऱ्यातलं त्यांना जास्त कळतं.

बाहेर बंदरावर बर्फाचा ट्रक रिकामा होतोय.
दोरा निघाला. कोरडं आहे. आता घाई.
सिरिंजमधून पातळ सिलिकॉन कडेकडेनं,
वरून घट्ट गोळा,
आणि पाच मिनिटं दोघंही गप्प.

काढताना आवाज होतो,
ओल्या रेतीतून पाय उपसल्यासारखा.

दिव्याखाली धरते. भिंग लावते.
कड आली आहे, आणि कडेच्याही पलीकडचा
एक पापुद्रा, सुंगटाच्या सालीएवढा पातळ,
माझी नजर कधी पोचली नव्हती तिथून आलेला.
फक्त एका जागी, पुन्हा जिभेच्याच अंगाला,
टाचणीच्या टोकाएवढं काहीतरी.
भोक, की दिव्याची तिरीप?
फिरवते. परत फिरवते.

मेथर चूळ भरतात,
रुमालानं मिश्या पुसतात, माझ्याकडे बघतात
आणि मी काही म्हणायच्या आत
मागं टेकून
पुन्हा आ करतात.